सारखे दिसणारे वृक्ष ओळखण्याचे शिक्षण : नांदेड-लातूर परिसरातील विज्ञानस्पर्धांच्या संदर्भात

बीजशब्द : वृक्ष-ओळख, सदृश जाती, उपपर्ण, द्विभाजी कुंजी, विज्ञानस्पर्धा, मराठवाडा

प्रस्तावना :

शालेय आणि महाविद्यालयीन विज्ञानस्पर्धांमध्ये वृक्ष हा विषय नेहमीचा आहे. १९९३ पासून देशभर भरणाऱ्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेचा २००६ आणि २००७ या वर्षांचा मुख्य विषयच जैवविविधता हा होता. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या 'आविष्कार' या संशोधन स्पर्धेतही वनस्पतिशास्त्राचे प्रकल्प सादर होतात. परिसरातील वृक्षगणना, गावातील औषधी वृक्ष, रस्त्याकडेची देशी व विदेशी झाडे असे विषय विद्यार्थ्यांना आवाक्यातले वाटतात. त्यासाठी प्रयोगशाळेतील महागडी उपकरणे लागत नाहीत आणि झाडे दारात उभी असतात.

अशा प्रकल्पांत तक्ते व आलेख यांवर पुष्कळ परिश्रम घेतले जातात. मात्र तक्त्याच्या पहिल्या रकान्यात जे झाडाचे नाव लिहावयाचे, त्यावर सर्वांत कमी वेळ खर्च होतो. वस्तुतः पुढची प्रत्येक संख्या त्या नावावर उभी असते. समजा, शंभर झाडांच्या गणनेत वीस झाडे 'बाभूळ' म्हणून नोंदली गेली आणि त्यांतील बारा प्रत्यक्षात वेडी बाभूळ निघाली, तर देशी व विदेशी झाडांचे प्रमाणच बदलते. बेरीज बरोबर असूनही निष्कर्ष चुकतो, आणि ही चूक गणिताच्या कोणत्याही तपासणीत सापडत नाही. परीक्षकाने एक फांदी हातात घेऊन "ही बाभूळ कशावरून?" असे विचारले की मगच ती उघडी पडते.

वड आणि चिंच ओळखण्यास कोणी चुकत नाही. अडचण येते ती एकमेकांसारख्या दिसणाऱ्या जातींची. प्रस्तुत लेखात नांदेड व लातूर जिल्ह्यांत सहज आढळणाऱ्या अशा काही जाती कशा वेगळ्या ओळखाव्यात आणि ही ओळख विद्यार्थ्यांना कशी शिकवता येईल, याचा विचार केला आहे.

दोन जिल्हे, दोन परिस्थिती :

हे दोन्ही जिल्हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. परंतु वृक्षांच्या दृष्टीने त्यांत मोठे अंतर आहे. नांदेडच्या उत्तरेस किनवट व माहूर भागात पैनगंगेच्या अंगाने सागाचे पानझडी जंगल आहे. ऐन, धावडा, मोह, तेंदू, सालई या वृक्षांशी तेथील विद्यार्थ्याचा प्रत्यक्ष परिचय होऊ शकतो. लातूर हा मात्र राज्यातील सर्वांत कमी वनक्षेत्राच्या जिल्ह्यांपैकी एक आहे. चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथ येथील वनौषधींचे बेट यांसारखे अपवाद वगळले, तर लातूरच्या विद्यार्थ्याची वनशाळा म्हणजे शेताचा बांध, मांजरेचा काठ, रस्त्याची कड आणि महाविद्यालयाचे आवार.

याचा परिणाम तयारीवर होतो. ऐन व अर्जुन हे एकाच प्रजातीचे वृक्ष आहेत. दोघांच्याही पानांच्या तळाशी ग्रंथी असतात आणि फळाला पाच पंख असतात. जुन्या ऐनाची साल काळपट व मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, तर अर्जुनाची साल गुळगुळीत, फिकट आणि पापुद्रे सोडणारी असते. हे वाक्य लातूरचा विद्यार्थी पाठ करतो. पण कोवळ्या ऐनाला तशी साल आलेलीच नसते, हे त्याला ठाऊक नसते. ते झाडाजवळ गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून लातूरच्या विद्यार्थ्याने ऐनापेक्षा आधी बांधावरच्या काटेरी झाडांवर प्रभुत्व मिळवावे, हे अधिक शहाणपणाचे. तेथेही गुंतागुंत काही कमी नाही.

काटा कोठे उगवतो :

मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत बारीक पानांच्या काटेरी झाडांचा एक मोठा मेळा आहे. बाभूळ, हिवर, खैर, वेडी बाभूळ, सौंदड म्हणजेच शमी, आणि सिगमकाठी ही त्यांतील मुख्य नावे. या सर्वांची पाने द्विपिच्छाकृती संयुक्त, म्हणजे पिसाला पुन्हा पिसे फुटावीत तशी असतात. लांबून ही सर्व झाडे 'बाभळी' दिसतात आणि बोलीतही अनेकदा त्यांना तसेच म्हटले जाते.

फुलोरा असेल तर काम सोपे होते. बाभळीची फुले पिवळ्याधमक गोंड्यांची असतात. हिवराचेही गोंडेच, पण ते फिकट असून फांद्यांच्या टोकांना मोठ्या झुबक्यांत येतात. खैर, वेडी बाभूळ व सौंदड यांचा फुलोरा गोंड्याचा नसून लांबट कणसासारखा असतो. सिगमकाठीचे कणीस दुरंगी असते, एक भाग गुलाबी आणि दुसरा पिवळा. ते एकदा पाहिलेला विद्यार्थी पुन्हा विसरत नाही. शेंगाही तितक्याच बोलक्या आहेत. बाभळीची शेंग पांढुरक्या लवेची आणि मण्यांच्या माळेप्रमाणे प्रत्येक बीजाजवळ आवळलेली. खैराची पातळ, चपटी व तपकिरी. वेडी बाभळीची पिवळसर व गोड गराची. सिगमकाठीच्या शेंगा वेटोळे घालून गुच्छात लटकणाऱ्या.

परंतु स्पर्धा फुलोऱ्याच्या वेळेची वाट पाहत नाही. परीक्षकाने ठेवलेल्या नमुन्यावर फूल नसते, शेंग नसते. हातभर काटेरी फांदी तेवढी असते. अशा वेळी वर्षभर टिकणारे लक्षण लागते, आणि ते म्हणजे काट्याचे स्थान. काटा किती लांब आहे, हा प्रश्न जवळपास निरुपयोगी आहे. एकाच बाभळीच्या शेळ्यांनी खुरटलेल्या फांदीवर लांब काटे आणि उंच, जुन्या फांदीवर आखूड काटे सापडतात. कधी ते सापडतही नाहीत. काटा कोठून निघाला आहे, हा प्रश्न मात्र उत्तर देतो.

बाभूळ आणि हिवर यांचा काटा हे उपपर्णाचे रूपांतर आहे. म्हणून तो पानाच्या देठाच्या दोन्ही बाजूंना, जोडीने आणि सरळ येतो. खैराचे काटेही जोडीनेच, पण ते आखूड व आकड्यासारखे वाकडे असतात. अंगावरचा सदरा बाभळीत भोसकला जातो आणि खैरात अडकतो, असा फरक रानात फिरणाऱ्यास सांगावा लागत नाही. वेडी बाभळीचा काटा पानाच्या कक्षेतून, म्हणजे पान आणि फांदी यांच्यामधल्या बेचक्यातून येतो. सौंदडीचे काटे या कोणत्याच नियमात बसत नाहीत. ते लहान, बुडाशी रुंद असतात आणि दोन पेरांच्या मधल्या कांड्यावर विखुरलेले असतात. पानाशी त्यांचा संबंध नसतो. सिगमकाठीत तर आखूड फांदीचे टोकच काटा बनते, त्यामुळे त्या काट्यावर पाने फुटलेली दिसू शकतात.

बाभूळ आणि हिवर मग कसे वेगळे करावे? येथे साल कामास येते. बाभळीची साल काळपट व उभ्या भेगांची, हिवराची पांढुरकी-पिवळसर. हातभर फांदीवर ही साल पुरेशी दिसत नाही, आणि तेथे प्रामाणिक उत्तर 'बाभूळ किंवा हिवर' एवढेच असते. विद्यार्थ्यांना असे अपुरे उत्तर देण्याची सवय लावणे महाविद्यालयांत फारसे घडत नाही. आपल्या परीक्षापद्धतीत त्याला गुण नाहीत. संशोधन प्रकल्पात मात्र ते चुकीच्या नेमकेपणापेक्षा अधिक मोलाचे आहे.

शमीच्या बाबतीत ओळखीला सांस्कृतिक बाजूही आहे. गणेशपूजेच्या पत्रीत आणि दसऱ्याच्या पूजनात शमीला स्थान आहे, आणि अनेक ठिकाणी सिगमकाठीच शमी म्हणून वापरली जाते. 'आपल्या परिसरातील पूजनीय वृक्ष' अशा प्रकल्पात पुजाऱ्याने किंवा घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेले नाव तसेच लिहून घेतले, तर लोकपरंपरेची नोंद होते. वृक्षाची होत नाही. दोन्ही नोंदी हव्यात, पण वेगवेगळ्या रकान्यांत.

सोन्याचे पान :

आपटा आणि कांचन ही जोडी दसऱ्यामुळे सर्वांना परिचित आहे. दोघांचीही पाने टोकाशी दुभंगलेली, जोडपानासारखी. आपट्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्या सर्रास ओरबाडल्या जातात, यात आता नावीन्य राहिलेले नाही. शिक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, या जोडीत एकाच पानावरून बराच निर्णय होऊ शकतो. आपट्याचे पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीने अधिक असते. कांचनाचे पान त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही मोठे आणि तुलनेने पातळ असते. आपट्याची फुले लहान, फिकट आणि मंजिरीत येणारी. कांचनाची मोठी व आकर्षक. आपट्याच्या फुगीर, काळपट शेंगा झाडावर दीर्घकाळ राहतात.

तथापि 'कांचन' हे एका झाडाचे नाव नाही, आणि अडचण येथूनच सुरू होते. बौहिनिया पुर्पुरिया आणि बौहिनिया व्हेरिगाटा या दोन्ही जातींना कांचन म्हणतात. पहिली पावसाळा संपल्यावर, पाने असतानाच फुलते आणि तिच्या फुलात कार्यक्षम पुंकेसर बहुधा तीन असतात. दुसरी हिवाळ्याच्या अखेरीस, जवळजवळ निष्पर्ण असताना बहरते आणि तिच्यात ते पाच असतात. रंगावर विसंबणारा विद्यार्थी येथे फसतो, कारण गुलाबी व जांभळट छटा दोन्हींत आहेत. आवारात कुंपणाकडेला लावलेला पिवळा कांचन हा तिसरा, झुडूपवजा प्रकार. त्याची पाने लहान असल्याने फुले नसताना तो आपटा समजला जाण्याचा धोका सर्वाधिक असतो. अशा वेळी केवळ आकारमान पुरत नाही. पानाची जाडी, लांबी-रुंदीचे प्रमाण आणि झाडाची साल एकत्र पाहावी लागते. आपट्याची साल खडबडीत व काळसर असते आणि जुने झाड वाकड्यातिकड्या, झुकलेल्या फांद्यांचे असते.

लिंब, बकाण आणि अशोक :

मराठवाड्यात कडुनिंबाला नुसते 'लिंब' म्हणतात. बकाण हा त्याच कुळातील वृक्ष असून त्याची पाने, विशेषतः कोवळ्या वयात, लिंबासारखी दिसतात. फरक पानाच्या रचनेत आहे. लिंबाचे पान एकदाच पिच्छाकृती विभागलेले असते. त्याच्या पर्णिका कोयत्यासारख्या किंचित वाकलेल्या आणि बुडाशी तिरक्या. बकाणाचे पान दोनदा, क्वचित तीनदा विभागलेले असते. लिंबाची फुले पांढरी, बकाणाची फिकट जांभळी. निंबोळीत बहुधा एकच बी असते. बकाणाचे फळ गोलसर, त्यातील आठळी शिरांची व अनेक बियांची, आणि पाने गळाल्यावरही फळांचे घोस झाडावर लटकत राहतात.

हा फरक केवळ गुणांचा नाही. कापूस व तूर पिकवणाऱ्या या भागात किडींसाठी पाच टक्के निंबोळी अर्काची शिफारस केली जाते. त्यातील मुख्य कीडरोधक घटक ॲझाडिरॅक्टिन हा लिंबाच्या बियांत असतो. बकाणाची फळे माणसास व डुकरांसारख्या प्राण्यांस विषारी आहेत. निंबोळी अर्काचा प्रयोग मांडणाऱ्या विद्यार्थ्याने बिया कोणत्या झाडाखालून वेचल्या, हे पाहिले नाही, तर त्याचा सारा प्रयोग भलत्याच पदार्थाचा ठरतो.

अशोकाची कथा याहून मोठी आहे. महाविद्यालयांच्या प्रवेशद्वारापासून कार्यालयापर्यंत दुतर्फा उभा असलेला उंच, निमुळता 'अशोक' हा आयुर्वेदातील अशोक नव्हे. तो सीताफळाच्या कुळातील आहे आणि त्याचे नागमोडी कडेचे पान साधे असते. औषधी सीता-अशोक हा शिंबावंत कुळातील, संयुक्त पानांचा आणि केशरी-तांबड्या फुलोऱ्याचा वृक्ष आहे. त्याच्या सालीची मागणी मोठी असून बाजारात तिच्यात पहिल्या झाडाच्या सालीची भेसळ होते, हे औषधी वनस्पतींच्या अभ्यासात वारंवार नोंदले गेले आहे. 'परिसरातील औषधी वृक्ष' या तक्त्यात प्रवेशद्वाराजवळच्या अशोकापुढे स्त्रीरोगांवरील उपयोग लिहिलेला आढळला, की तो तक्ता पुस्तकातून उतरवला आहे हे परीक्षकास तत्काळ कळते.

ही चूक टाळण्यासाठी विद्यार्थ्यास एक मूलभूत गोष्ट आली पाहिजे : पान कोणते आणि पर्णिका कोणती. पानाच्या कक्षेत कळी असते, पर्णिकेच्या बुडाशी ती नसते. हे नियमपुस्तकातले वाक्य वर्गात सर्वांना येते. फांदी हातात दिल्यावर निम्मा वर्ग कळी शोधण्याऐवजी पानाचा आकार पाहू लागतो.

तयारीची रीत :

सामान्यतः तयारी करून घेताना एक झाड घेऊन त्याची सर्व लक्षणे सांगितली जातात, मग दुसरे, मग तिसरे. यात विद्यार्थ्याला प्रत्येक झाड 'माहीत' होते, पण दोघांतील भेद करता येत नाही. नेट कॉर्नेल व रॉबर्ट ब्योर्क या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे उद्बोधक आहे. सहभागी व्यक्तींना बारा चित्रकारांची निसर्गचित्रे दाखवण्यात आली. काही चित्रकारांची चित्रे सलग, तर काहींची एकमेकांत मिसळून दाखवली. नंतर नवीन चित्र पाहून चित्रकार ओळखण्यास सांगितले असता, मिसळून पाहिलेल्या चित्रकारांच्या बाबतीत उत्तरे अधिक बरोबर आली. आश्चर्य असे की, सलग पाहण्याने आपण अधिक शिकलो, अशी बहुतेकांची समजूत होती. झाडांच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. बाभूळ, हिवर, खैर, सौंदड यांच्या फांद्या टेबलावर एकत्र, क्रम बदलून ठेवाव्यात आणि प्रत्येक वेळी वेगळ्या झाडाच्या ठेवाव्यात. एकाच फांदीवर सराव केलेला विद्यार्थी झाड नव्हे, ती फांदी ओळखू लागतो.

सरावासाठी महाविद्यालयाचे आवारही पुरेसे आहे. गुलमोहर, सोनमोहर व नीलमोहर हे तिघेही विदेशी, शोभेचे आणि फुले नसताना सारखे वाटणारे वृक्ष. नीलमोहराची पाने समोरासमोर येतात, उरलेल्या दोघांची एकाआड एक. सोनमोहराच्या कोवळ्या भागांवर गंजासारखी तपकिरी लव असते. गुलमोहराच्या देठाशी पिसासारखे विभागलेले उपपर्ण असते. तीन प्रश्नांत तीन झाडे वेगळी होतात, आणि विद्यार्थ्याने नकळत एक द्विभाजी कुंजी तयार केलेली असते. ही पद्धत लामार्कने १७७८ मध्ये फ्रान्सच्या वनस्पतींसाठी वापरून रूढ केली. आंतरराष्ट्रीय जीवशास्त्र ऑलिंपियाडच्या प्रात्यक्षिक कौशल्यांत तिचा आजही समावेश आहे. भारत या ऑलिंपियाडमध्ये २००० पासून सहभागी होतो आणि २००८ मध्ये ते मुंबईत भरले होते. छापील कुंजी वापरण्यापूर्वी विद्यार्थ्याने अशी एखादी स्वतः रचलेली बरी. मग 'पर्णिका रोमयुक्त' यासारखे शब्द त्याला परके राहत नाहीत.

छापील ग्रंथांच्या निवडीतही सावधगिरी हवी. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील १९०१ ते १९०८ मधील ग्रंथ सहज उपलब्ध असल्याने वापरला जातो. परंतु त्या वेळी मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, म्हणजे त्या ग्रंथाच्या कक्षेबाहेर. या भागासाठी व्ही. एन. नाईक यांचा 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' हा १९९८ चा दोन खंडांतील ग्रंथ आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे महाराष्ट्राच्या वनस्पतींवरील खंड अधिक उपयोगी आहेत. मोबाइलवरील ओळख-साधनांचा वापर आता टाळता येणार नाही, टाळण्याचे कारणही नाही. ती छायाचित्रावरून संभाव्य नाव सुचवतात. काट्याचे स्थान दिसेल असे छायाचित्र काढायचे की केवळ झाडाचा डेरा टिपायचा, हे विद्यार्थ्यानेच ठरवायचे असते. सुचवलेले नाव कुंजीवर तपासून पाहण्याचा आग्रह शिक्षकाने धरावा.

नावांचा प्रश्न :

आणखी एक गोंधळ अलीकडच्या काळात वाढला आहे. नाईक यांच्या ग्रंथात बाभूळ अकेशिया निलोटिका या नावाने येते, तर संकेतस्थळांवर ती व्हॅचेलिया निलोटिका म्हणून सापडते. २००५ मधील व्हिएन्ना येथील वनस्पतिशास्त्र परिषदेत अकेशिया हे नाव प्रामुख्याने ऑस्ट्रेलियातील जातींसाठी राखण्याचा निर्णय झाला आणि २०११ मध्ये मेलबर्न येथे तो कायम राहिला. त्यामुळे आपली बाभूळ व हिवर व्हॅचेलियात आणि खैर सेनेगालियात गेले. पूर्वी प्रोसोपिस जुलिफ्लोरा म्हणून ओळखली जाणारी वेडी बाभूळ २०२२ मध्ये नेल्तुमा या प्रजातीत हलवण्यात आली. सौंदड मात्र प्रोसोपिसमध्येच राहिली. विद्यार्थ्याने दोन नावे पाहून दोन झाडे समजू नयेत, यासाठी तक्त्यात स्वीकृत नाव आणि ग्रंथातील जुने नाव अशी दोन्ही द्यावीत.

लोकनावांचे मात्र असे नाही. ती फसवतात तशी मार्गही दाखवतात, आणि सीमेवरचे हे दोन जिल्हे त्या बाबतीत संपन्न आहेत. देगलूर, बिलोली, धर्माबाद या भागांत तेलुगू कानावर पडते. उदगीर, निलंगा भागांत कन्नड. तेलुगूत बाभळीला 'नल्ल तुम्म' म्हणजे काळी तुम्म आणि हिवराला 'तेल्ल तुम्म' म्हणजे पांढरी तुम्म म्हणतात. कन्नडमध्ये त्याच दोन झाडांना अनुक्रमे 'करि जाली' आणि 'बिळि जाली', पुन्हा काळी आणि पांढरी. दोन्ही भाषांनी काटा, पान, फूल बाजूला ठेवून नेमकी सालच निवडली आहे. देगलूरच्या विद्यार्थ्याने घरी आजीला विचारले, तर फांदीवरून न सुटणारे ते कोडे ती सालीकडे बोट दाखवून सोडवील. आणि नमुन्याच्या चिठ्ठीवर शास्त्रीय नावाखाली, गाव व दिनांकासह, तो शब्दही लिहिला गेला पाहिजे.